कादंबऱ्यांतली पहिली बायको

आमच्या घरात कादंबऱ्या आल्या त्या माझं पहिलं मूल गेल्यावर. कालव्याचं पाणी आल्यापासून पिंपळीच्या बाजूला ऊस झाला, भाजीपाला झाला, पेरूच्या बागा झाल्या, आणि हिवतापही झाला. भादव्यात घरोघर कोणी ना कोणी घोंगडीखाली कुडकुडत पडलेलं असायचं. मोठी माणसं कोयनेलच्या कडू गोळ्या खाऊन उठायची. माझं मूल नुकतं रांगायला लागलं होतं. ते उठलं नाही.

त्यानंतर मी बोलेनाशी झाले. कामं करत होते, पण कोणी हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. माझे वडील इंदापूरला शाळामास्तर होते आणि त्यांनी मला मराठी शाळा पुरी करू दिली होती. सासरी त्या शिक्षणाचा कोणाला उपयोग नव्हता आणि त्रासही नव्हता. मालकांना मात्र, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते आठवलं. एका बाजारच्या दिवशी बारामतीला वांगी घालून परत आले, तेव्हा रिकाम्या पाटीत पोत्याखाली एक पुस्तक होतं.

"वाच," ते म्हणाले. "तुला येतंय न्हवं."

वाचनालयातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना विचारलं होतं, पुस्तक कोणाला पाहिजे. बायकोला म्हणायची लाज वाटली म्हणून त्यांनी पाव्हण्यांना म्हणून सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं त्या वाचनालयात आमच्या घरी एक वाचणारे पाव्हणे राहत होते.

घरात आबा म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आम्ही दोघं आणि थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. तीही इंदापूरकडचीच, पण शेतकऱ्याच्या घरची, आणि अगदी लहानपणी लग्न होऊन आलेली. तिचं लग्न झालं तेव्हा थोरले दीर बारामतीच्या शाळेत जात होते. मग ते कॉलेजसाठी पुण्याला गेले, मग वकिलीसाठी तिथंच थांबले, मग सनद मिळाली आणि तिथंच खोली घेतली. अक्का पिंपळीलाच राहिली. सुट्टीत ते यायचे, सोप्यात बसून वर्तमानपत्र वाचायचे, आबांशी कालव्याच्या पाळीबद्दल बोलायचे आणि जायचे. अक्काला मूलबाळ नव्हतं. ते का नव्हतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी आत्याबाई तिला मोरगावच्या गणपतीला नवस बोलायला लावायच्या.

दुपारी परसात बसून आम्ही दोघी मिरच्यांची देठं काढायचो, नाहीतर शेंगा फोडायचो. अक्कानं पुस्तक पाहिलं आणि म्हणाली, "मनात वाचू नगं. मला बी ऐकू दी." तिला अक्षर येत नव्हतं. मी मोठ्यानं वाचायला लागले, आणि तेव्हापासून ते आमच्या दोघींचं काम झालं. पुस्तकांना वाचनालयाची तपकिरी जाड कव्हरं असायची. समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं असायचं. एका ठिकाणी 'फारच हृद्य' असं होतं आणि त्याच्या खालीच दुसऱ्या हातानं 'लेखक अविवाहित असावा' असं होतं. मी तेही वाचून दाखवायची.

त्या वेळच्या त्या नव्या कादंबऱ्या. प्रेमाच्या होत्या आणि घरच्या होत्या, पण प्रेम घराबाहेर घडायचं आणि घर त्याच्या आड यायचं. माणसं पुण्या-मुंबईची. तरुण कॉलेजात शिकणारा, मुलगी कोणा प्रोफेसराची, नाहीतर डॉक्टरची. ती दिलरुबा वाजवायची. दोघं संध्याकाळी टेकडीवर फिरायला जायची आणि तिथं खूप वेळ बोलायची. मला पहिल्यांदा नवल वाटलं ते त्या बोलण्याचंच. एवढं बोलायला त्यांना वेळ कसा मिळतो, आणि बोलताना हातात काही काम कसं नसतं. पुस्तक देताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं की विजेचा धक्का बसायचा. अक्कानं विचारलं, वीज म्हणजे पावसातली का? मी सांगितलं, तारेतली, दिव्याची. तिला ते काही पटलं नाही. तारेतली वीज आम्ही दोघींनीही पाहिली नव्हती.

"ह्यांची भांडी कोण घासतं?" तिनं एकदा विचारलं.

"ते लिहीत नाहीत."

"च्या तर सारखा पित्यात."

मला स्वतःला एक कादंबरी फार आवडली होती. तिच्यात एक जोडपं एकत्र कुटुंबातल्या कटकटीतून बाहेर पडून मुंबईत दोन खोल्यांचं बिऱ्हाड करतं. शेवटी नवरा कचेरीतून येतो, बायको खिडकीत उभी असते, एवढंच. ती खिडकी माझ्या मनात बसली. आमच्या घराला धुराडं होतं आणि दारं होती. कोणाची वाट पाहण्यासाठी उभं राहावं अशी खिडकी नव्हती. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचायची आणि मूल गेल्यापासून प्रथमच मला पुढचं काहीतरी हवंसं वाटायला लागलं. कादंबऱ्यांचा तेवढा उपकार मी विसरणार नाही.

अक्काचं लक्ष दुसरीकडे असायचं. एका पुस्तकात नायकाचं लहानपणीच लग्न झालेलं होतं. गावाकडं त्याची बायको होती. तिच्यावर सगळ्या पुस्तकात मिळून दीड-दोन पानं असतील. कपाळभर कुंकू, हातात घमेलं, नवऱ्याशी काय बोलावं ते न कळणारी. नायकाचं मन तिच्यात रमत नाही, मग ते टेकडीवर रमतं. शेवटाकडं ती गावाकडची बायको तापानं अंथरूण धरते. नायक येतो, त्याच्याबरोबर ती दिलरुबावालीही येते. आजारी बायको तिचा हात त्याच्या हातात देते, दोघांना आशीर्वाद देते आणि मरते. लेखकानं तिला तिथं देवी म्हटलं होतं.

अक्काचा हात मिरच्यांत थांबला.

"ताप कसला?"

"लिहिलं नाही."

"हिवताप आसंल?"

"नाही लिहिलं, अक्का."

"मोठं माणूस हिवतापानं आसं झटक्यात मरत न्हाय. दुसरं काय तरी आसंल." आणि तिनं पुन्हा देठं काढायला सुरुवात केली.

त्यानंतरच्या पुस्तकांत ती पहिल्या बायकोलाच शोधत राहिली. गोष्ट सुरू झाली की विचारायची, "ह्याचं आधी लगीन झालंय का?" झालेलं असलं की गप्प होऊन ऐकायची. एका पुस्तकात ती विहिरीत गेली. एकात माहेरी जाते असं सांगून निघाली आणि नदीला पूर आलेला होता. एकीला क्षय झाला. त्या काळात कादंबऱ्यांतल्या बायका फार खोकायच्या. अक्का म्हणाली, "कुणी म्हातारी हुईपत्तुर जगतं का न्हाय ह्यांच्यात?" मी आठवून पाहिलं. नायकांच्या आया जगत होत्या. बाकी कोणी नाही.

आमची भाजी पुण्याच्या मंडईला नेणारे एक बागवान चाचा होते. आमच्याच बोलीत बोलायचे आणि आबांचा त्यांच्यावर विश्वास होता. त्यांनी थोरल्या दिरांना मंडईत एका शिक्षिकेबरोबर भाजी घेताना पाहिलं. त्यांनी ते फक्त मालकांना सांगितलं आणि मालकांनी मला. आम्ही ते अक्काला सांगितलं नाही. तिला आमच्या आधी कळलं होतं की काय, मला माहीत नाही.

उन्हाळ्यात थोरले दीर आले. दौंडहून गाडीनं बारामतीला उतरले आणि आमच्या छकड्यातून घरी आले. जेवण झाल्यावर त्यांनी आबांना, आत्याबाईंना आणि मालकांना सोप्यात बसवलं आणि अक्कालाही बोलावून घेतलं. मी दाराआड उभी राहिले. ते चांगले बोलणारे होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मला कोणाचं मन दुखवायचं नाही. पण आमचं लग्न झालं तेव्हा लग्न म्हणजे काय हे मलाही कळत नव्हतं आणि हिलाही कळत नव्हतं. मनं जुळल्याशिवाय नुसते देह एकत्र राहणं हा संसार नव्हे. मला एक जोडीदारीण भेटली आहे. तिच्याशी मी लग्न करणार आहे. हिला इथं काही कमी पडणार नाही. हिनं मोठ्या मनानं आम्हाला आशीर्वाद द्यावा."

एकेक वाक्य माझ्या ओळखीचं होतं. कोणत्या पुस्तकातलं, पान डाव्या हाताचं की उजव्या, तेसुद्धा मी सांगू शकले असते. मी घाबरले ते त्या लग्नाला नाही, त्या वाक्यांना.

अक्का भिंतीला टेकून उभी होती. ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "हे मी ऐकलंय."

"काय ऐकलं आहेस?"

"तुमी बोलला ते. धाकलीनं वाचून दावलंय. त्यात पयली बायकू तापानं मरती." मग तिनं विचारलं, "मी काय करायचं?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. थोरल्या दिरांचा चेहरा उतरला. आबा म्हणाले, "आसं अभद्र बोलू नगं. हितं खाऊन-पिऊन ऱ्हा, तुझं घर हाय." आबांना वकील मुलाचा फार अभिमान होता. कालव्याच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी चाललेला त्यांचा दावा तोच बघत होता. त्यांनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. एकापेक्षा जास्त बायका करायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. लग्न पुण्यात झालं. आबा आणि आत्याबाई गेले. आम्ही गेलो नाही. त्या दिवशी अक्कानं पेरूच्या बागेत पाणी धरलं होतं.

पुस्तकं येतच राहिली. मी आता आधी एकटी वाचायची आणि पहिली बायको नसलेलंच पुस्तक परसात न्यायची.

थंडी पडल्यावर आमचं गुऱ्हाळ लागलं. गूळ करणारा म्हणजे गुळव्या. त्या वर्षी सांगवीचा एक आला होता, चाळिशीच्या आसपासचा. बायको बाळंतपणात गेलेली, दोन लहान पोरं म्हातारीजवळ ठेवून आलेला. कमी बोलणारा माणूस. रस उकळत असताना तो कढईवरून नजर काढायचा नाही आणि बाकीचे गडी गप्पा मारत असले तरी त्यांत पडायचा नाही. त्याची भाकरी घेऊन अक्का जायची. परत आणलेली ताटली आणि तांब्या लखलखीत असायचे. तो जेवून झाल्यावर राखेनं भांडी घासून, धुऊन, पालथी घालून ठेवायचा. मी मालकांना हसून सांगितलं, गुळव्या बायकांसारखी भांडी घासतो. मालकही हसले. त्यापलीकडं माझ्या काही ध्यानात आलं नाही. प्रेम कसं सुरू होतं ते मी इतक्या पुस्तकांत वाचलं होतं, आणि त्यांत कुठंही कोणी ताटली घासून दिली नव्हती.

एके दुपारी अक्का शेंगा फोडता फोडता म्हणाली, "त्यो गुळव्या मला म्हणाला, तुमाला ताप येऊन गेला का? डोळं पिवळं दिसत्यात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, व्हय. मागल्या म्हैन्यात." मग खाली बघून म्हणाली, "घरात कुणी इचारलं न्हवतं."

मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. पिवळे होते. रोज समोर बसून मी वाचत होते आणि ते मला दिसले नव्हते.

गुऱ्हाळ संपत आलं तेव्हा अक्काचा भाऊ इंदापूरहून आला. सांगवीच्या गुळव्यानं आपल्या चुलत्याला इंदापूरला पाठवून अक्कासाठी रीतसर मागणी घातली होती. आमच्यात तेव्हा नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिली की बाई पाट लावू शकत होती, म्हणजे दुसरं लग्न, साध्या रीतीनं, गाजावाजा न करता. गरिबांच्यात ते सर्रास व्हायचं. जमीन-पाणी वाढलेल्या घरांनी मात्र ते हळूहळू बंद करत आणलं होतं. भाऊ आबांच्या पायाशी बसून म्हणाला, "आबा, तुमच्या लेकाचा संसार झाला. माझ्या भनीचा बी होऊ द्या. तुमच्याकडनं काय बी मागत न्हाय. निस्ती सोडचिठ्ठी द्या."

मला वाटतं, आबा एकटे असते तर त्यांनी दिली असती. त्यांच्या स्वतःच्या एका चुलतीनं पाट लावला होता. पण ते म्हणाले, "वकिलाला इचारतो." आणि पुण्याला निरोप गेला.

त्या दिवसांत अक्का कशी होती ते मी कधी विसरले नाही. तिनं आपली दोन लुगडी धुऊन वाळत घातली आणि घडी करून उशाला ठेवली. डोक्याला तेल लावलं. मला म्हणाली, "सांगवीला नदी हाय म्हणं. बारमाही." मी म्हटलं, नीरा आहे. ती म्हणाली, "पोरांस्नी पवाया येत आसंल." मी पुस्तक उघडलं तर म्हणाली, आज नको, आणि नुसतीच बसून राहिली.

थोरले दीर आले ते संतापूनच. सगळे पुन्हा सोप्यात बसले. अक्काचा भाऊ उंबऱ्याजवळ होता.

"आपल्या घराण्यात पाट लागत नाही," ते म्हणाले. "उद्या कोर्टात लोक म्हणतील, वकिलाची बायको गुळव्याच्या घरात गेली. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

या वेळी अक्का पुढं आली. "मी तुमची बायकू हाय का?"

"कायद्यानं आहेस."

"मंग त्या कोण?"

"त्याही."

भाऊ म्हणाला, "आसं आसंल तर घिऊन जावा हिला पुण्याला. दोगींस्नी संबाळा."

"तिथं ते शक्य नाही."

तेव्हा माझे मालक बोलले. थोरल्या भावासमोर त्यांनी तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "दादा, सोडा की तिला. तुमाला नगं हाय, त्याला पायजे हाय. तिला बी जायाचं हाय."

"तुला यातलं कळत नाही," थोरले दीर म्हणाले, आणि अक्काच्या भावाकडं वळून त्यांनी शांतपणे सांगितलं की सोडचिठ्ठी नसताना ही बाई त्या माणसाच्या घरी गेली, तर दोघांवर फौजदारी होईल, आणि ती चालवणारा वकील लांबून आणावा लागणार नाही.

दाराआड उभी राहून मी वाट पाहत होते की आता ते काहीतरी पुस्तकातलं बोलतील. मनाबद्दल, जोडीदाराबद्दल. तसं एक अक्षरही ते बोलले नाहीत. ते सगळं त्यांनी स्वतःपुरतं वाचलं होतं.

गुळव्याचा हिशेब आबांनी दुसऱ्याच दिवशी मिटवला, थोडा ऊस उभा असतानाच. तो आपलं घोंगडं आणि लांब दांड्याची पळी खांद्यावर टाकून दुपारी निघाला. वाट मिरचीच्या रानाकडेनं होती. अक्का मिरच्या तोडत होती. तो बांधावर क्षणभर थांबल्यासारखा झाला. ती वाकलेलीच राहिली, सरळ झाली नाही. तो गेला. मी विहिरीवर होते, मला दोघंही दिसत होते. त्या दोघांचं एकमेकांशी एकंदर किती बोलणं झालं असेल, तर टेकडीवरच्या एका संध्याकाळीइतकंही नसेल.

त्या भादव्यात अक्काला हिवतापानं गाठलं. दरवर्षीसारखा आला-गेला नाही. एक दिवसाआड थंडी भरायची, दात वाजायचे, मग अंग भाजायचं. गोळ्यांनी कान बधिर झाले. आत्याबाई देवापुढं दिवा लावायच्या. एकदा मी त्यांना शेजारणीशी हळू बोलताना ऐकलं, "सुटली तर तिचं बी बरं, समद्यांचं बी बरं." त्या वाईट बाई नव्हत्या. अक्काचं डोकं मांडीवर घेऊन त्याच पाणी पाजायच्या. पण मी तो शेवट इतक्या वेळा वाचला होता की मला घरात थांबवेना.

जरा उतार पडल्यावर अक्का म्हणाली, "काय तरी वाच." घरात त्या वेळी एकच पुस्तक होतं आणि ते मी आधी वाचलेलं नव्हतं. निम्म्यात गेल्यावर कळलं की यातही गावाकडं बायको आहे. मी वाचत राहिले. ती आजारी पडली, नायक आला. पुढचं पान माझ्या डोळ्यांपुढं होतं, पण मी दुसरंच वाचायला लागले. वैद्याचं औषध लागू पडलं, ती उठून बसली, तिनं पेज मागितली. मला वाटलं, मी छान जुळवते आहे.

अक्कानं डोळे उघडले. "तू मनानं सांगतीस."

"नाही, अक्का."

"तुझं डोळं पुस्तकावर फिरत न्हाईत. आन् पेज कशी मागंल ती? ह्यांच्यात कुणी जेवत न्हाय." तिचा आवाज खोल गेला होता. "जसं हाय तसं वाच."

मी जसं होतं तसं वाचलं. तिनं आशीर्वाद दिला आणि ती मेली. अक्कानं भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मी मरायची न्हाय. त्यांस्नी तेवडी सोय करून देयाची न्हाय."

ती मेली नाही. उठायला दिवाळी लागली. केस बरेच गेले आणि एका कानानं कायमचं कमी ऐकू यायला लागलं. भाऊबीजेला भाऊ आला तेव्हा ती त्या दोन लुगड्यांची वळकटी घेऊन त्याच्याबरोबर निघाली. आबांना वाटलं, माहेरी चार दिवस राहून येईल. निघताना तिनं मला एवढंच सांगितलं की मिरच्यांचं पोतं ओलीपासून लांब ठेव. ती परत आली नाही, आणि तिला आणायला कोणी गेलंही नाही.

मला पुढं मुलगी झाली आणि ती जगली. मालकांनी भावाशी बोलणं जवळजवळ टाकलं. कादंबऱ्या मी वाचत राहिले. वर्षं गेली तशा त्याही बदलल्या. आता नायिका नोकरी करायच्या, सायकलवर बसायच्या, वडिलांना तोंडावर उत्तर द्यायच्या. मला त्या आवडायच्या. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पूर्वी पहिल्या बायकोला मारायला तरी दीड-दोन पानं खर्च व्हायची. आता ती कुठं नसायचीच. सगळे तरुण बिनलग्नाचे, सुटे, गावाकडं मागं कोणी न ठेवता आलेले. मी दाराआडून ज्यांचं बोलणं ऐकलं होतं ते कुठं गेले, असं मला वाटायचं. बोलायला कोणी नव्हतं. परसात मी एकटीच मनात वाचायची.

मुलगी चालायला लागल्यावर मी माहेरी गेले, तेव्हा अक्काला भेटायला गेले. तिचा भाऊ उन्हाळ्यात भीमेच्या पात्रात वाळूत कलिंगडाचे वेल लावायचा आणि ते सगळं तीच बघायची. वाळूत खड्डे करून, खालचं पाणी कळशीनं काढून एकेका वेलाला घालायचं, दिवस उगवल्यापासून. भावजय तिला बरं वागवत नव्हती हे मला वडिलांकडून कळलं होतं. तिनं त्याबद्दल काही सांगितलं नाही. हात काळे पडले होते, हाडं दिसत होती. माझ्या मुलीला तिनं मांडीवर घेतलं, तिचे डोळे खालची पापणी ओढून पाहिले आणि म्हणाली, "चांगलं हाईत."

पुस्तकांचं तिनं विचारलं नाही. मीच म्हटलं, एक आणलंय, वाचू का. ती म्हणाली, ह्या कानानं नीट येत नाही आणि वेलांना पाणी राहिलंय.

मी सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही. पण सांगवीची बातमी मला मालकांकडून कळली होती आणि दुसरं कोणी तिला सांगणार नव्हतं. मी तिच्या चांगल्या कानाशी जाऊन सांगितलं की त्या गुळव्यानं पाट लावला. तिकडचीच एक विधवा आहे.

अक्का कळशी भरत होती. ती तिनं काठोकाठ भरली.

"त्याची पोरं ल्हान हुती," ती म्हणाली. "कुणी तरी पायजेच."

मग तिनं मला कळशी उचलून द्यायला सांगितली. मी मुलीला वाळूत बसवलं आणि कळशी तिच्या कमरेवर दिली. ओळीच्या टोकापर्यंत तिनं पाणी घातलं, आणि परत येऊन दुसरी कळशी भरायला वाकली.